लांब पल्ल्याची साधना

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी-गौरव प्रसंगी केलेले भाषण)



आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि आयुष्य मुलांना पाढे शिकविण्यात गेलेले. तेव्हा धावणे आणि सायकल यांवर बोलण्याचा आमचा अधिकार काय, अशी शंका कोणासही येईल. परंतु पहाटे काळभैरीच्या डोंगराकडे किंवा संकेश्वर रस्त्याने फिरावयास गेले असता आपल्याच घरची मुले-मुली धावताना दिसतात. कोणाच्या डोळ्यांपुढे सैन्य किंवा पोलीस भरती असते, कोणास मॅरेथॉन खुणावीत असते, तर कोणी सायकलीवरून आजरा, आंबोलीपर्यंत जाऊन येते. गडहिंग्लज हे फुटबॉलचे गाव म्हणून प्रसिद्ध आहे. त्या खेळाला दहा सोबती आणि हजार प्रेक्षक असतात. या साधनेला प्रेक्षक नाही. म्हणूनच घरच्या माणसांनी ती समजून घेतली पाहिजे.

ही परंपरा आपल्या भागास नवी नाही. आपल्या शेजारच्या बेळगावचे फडेप्पा चौगुले हे 1920 साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले. त्या वेळचे अंतर 42.75 किलोमीटर, म्हणजे आजच्या 42.195 पेक्षाही अधिक. सुमारे 2 तास 50 मिनिटांत त्यांनी ते पार केले व एकोणिसावा क्रमांक मिळविला. पदक नाही, परंतु शंभर वर्षांनंतरही त्यांचे नाव आपण घेत आहोत. एकोणिसावा आलेला मनुष्य आपण विसरलो नाही, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावी.

अभ्यासाची वाट सरळ चढाची नसते. प्रथम दीड-दोन महिन्यांत दम वाढतो, मुलगा हुरळून जातो आणि अंतर एकदम दुप्पट करतो. मग नडगी दुखू लागते. कारण असे की, हृदय व श्वास काही आठवड्यांत सुधारतात, पण हाडे आणि स्नायुबंध बळकट होण्यास कित्येक महिने लागतात. दम आहे म्हणून पाय तयार आहेत असे नव्हे. आडसाली उसास सुमारे अठरा महिने लागतात. बाराव्या महिन्यात कोयता लावला तर उतारा मिळेल काय? शरीराचेही तसेच आहे. श्रमाने स्नायूंची सूक्ष्म झीज होते आणि ती विश्रांतीत व झोपेत भरून निघते. म्हणून विश्रांतीचा दिवस हा आळसाचा दिवस नसून अभ्यासाचाच एक पाठ होय. सकाळी उठताच नाडी मोजावी. ती काही दिवस नेहमीपेक्षा जलद लागत असेल, झोप उडाली असेल, मुलगा विनाकारण चिडत असेल, तर त्यास रागावू नये. त्यास विसावा द्यावा.

अन्नपाण्याचेही शास्त्र आहे. स्नायूंत साठविलेली साखर सामान्यतः तिसाव्या किलोमीटरच्या आसपास संपत येते आणि पाय शिशासारखे जड होतात. ते टाळण्यासाठी वाटेत थोडे थोडे खावे लागते. तासन्‌तास घाम गाळून नुसते पाणीच पीत राहिल्यास रक्तातील मिठाचे प्रमाण घटते व तेही घातक ठरते. पाण्याबरोबर मीठ हवे. सायकलस्वारांच्या दीर्घ पल्ल्याच्या उपक्रमांत 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, तर 600 किलोमीटर चाळीस तासांत पुरे करावे लागतात. तेथे बळापेक्षा हिशेब अधिक उपयोगी पडतो. गाळपाच्या हंगामात आपल्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या रात्रंदिवस असतात व कित्येकींच्या पाठीमागे दिवा नसतो. तेव्हा चमकणारा अंगरखा व मागचा लाल दिवा यांवाचून कोणासही अंधारात घराबाहेर पडू देऊ नये.

आता उताराविषयी. बीड जिल्ह्यातील मांडव्याचे अविनाश साबळे हे सैन्यात गेल्यावर धावपटू झाले. 2021 साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत त्यांनी राष्ट्रीय विक्रम केला, तरी त्यांस अंतिम फेरी लाभली नाही. पुढच्याच वर्षी बर्मिंगहॅम येथे त्यांना रौप्यपदक मिळाले. सुवर्ण हुकले ते सेकंदाच्या अवघ्या पाच शतांशांनी. 2023 मध्ये हांगचौ येथील आशियाई स्पर्धेत सुवर्ण, 2024 मध्ये पॅरिसला अंतिम फेरी, आणि 2025 मध्ये मोनॅकोला गुडघ्याची दुखापत व शस्त्रक्रिया. मोठ्या धावपटूच्या पाच वर्षांचा आलेखही असाच खालीवर जाणारा असतो. सैन्यातील डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ यांना 2016 साली अमेरिका आडवी पार करण्याची सुमारे 4,800 किलोमीटरची सायकलशर्यत अर्ध्यावर सोडावी लागली. 2017 साली त्यांनी ती एकट्याने पुरी केली. त्याच वर्षी नागपूरचे डॉक्टर अमित समर्थ यांनीही ती पार केली. पहिल्या अपयशानंतर घरच्यांनी "आता पुरे" म्हटले असते तर?

भगिनींनो, आपणांस विशेष विनंती. माण तालुक्यातील मोही या दुष्काळी गावच्या ललिता बाबर 2016 साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत धावल्या व दहाव्या आल्या. आपल्या मुली पहाटे धावू लागल्या की शेजारी काय म्हणतील, हा प्रश्न घरोघर निघतो. शेजाऱ्यांच्या म्हणण्यावर मुलीचा दम अडवू नये. सोबत हवी असेल तर दोन-चार घरांच्या मुली एकत्र जाव्यात. घरातील एका वडीलधाऱ्याने त्यांच्याबरोबर उठावे.

शेवटी संस्थेस एक सूचना. आज या व्यासपीठावर आपण जिंकलेल्यांस नारळ व शाल दिली, ते योग्यच आहे. परंतु जिंकलेल्यास गावही हार घालते. ज्याची भरती 1600 मीटरच्या धावेत थोडक्यात हुकली, ज्याच्या पायाचे हाड भेगाळले आणि जो सहा आठवडे घरात खिन्न बसला आहे, त्याच्या दारी कोण जाते? अशा दिवसांत मुले अभ्यास सोडतात, व्यसनाकडे वळतात, घरच्यांशी अबोला धरतात. शिक्षक म्हणून आम्ही अशी मुले पाहिली आहेत. त्यांत हुशारी कमी नव्हती, पाठीवर हात कमी होते. म्हणून शिष्यवृत्ती निधीतील काही भाग दरवर्षी बाजूस काढून त्यातून गरजू मुलांस चांगले बूट, डॉक्टरांचा सल्ला आणि दुखापतीच्या काळातील पौष्टिक आहार द्यावा. हे साहाय्य देताना क्रमांक विचारू नये; वर्षभर नियमाने किती उठला, एवढेच विचारावे. शिवाय कार्यकारिणीच्या सभासदांनी अशा घरी एकदा तरी जाऊन चहा घ्यावा. त्यास निधी लागत नाही.

वसुली किती, खर्च किती, याचा विचार कोषाध्यक्ष करतीलच. चढावर ढकलणारे पुष्कळ मिळतात; उतारावर हात धरणारी संस्था असेल तरच तिला ज्ञातिसंस्था म्हणणे शोभेल. ही सूचना ठरावरूपाने येत्या सर्वसाधारण सभेपुढे यावी, अशी प्रार्थना आहे.