अंगठ्याची नखी आणि खालचा मजला
(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी मला सांगितलं, "काका, तुमच्या छंदावर दहा मिनिटं बोला." बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला लोक मुदत ठेवींवर बोलायला सांगतात, गिटारवर नाही. त्यामुळे आधी त्यांचे आभार.

मला जॅझचं वेड लागलं ते 1978 साली. मुंबईत रंगभवनात पहिली जॅझ यात्रा भरली होती. शाखेतला एक गोवेकर सहकारी मला जवळजवळ ओढतच घेऊन गेला. तेव्हा गिटार घेतली, थोडी शिकलो, मग बदल्या सुरू झाल्या आणि ती कपाटावर गेली. ती खाली उतरली निवृत्तीनंतर. पण तोवर अंगठ्याच्या मुळाशी संधिवात शिरला होता. गिटारचं साधं पिक, म्हणजे ती तिकोनी चकती, अंगठा आणि तर्जनीत चिमटीत धरावी लागते. माझी चिमूट दहा मिनिटांत सुटायची. चकती कधी सोफ्याखाली, कधी थेट गिटारच्या पोटात! एकदा तर गिटार उलटी करून हलवता हलवता वाटलं, आता हे पुरे. देऊन टाकावी कुणाला तरी.

तेव्हा मला थम्ब-पिक सापडलं. सतारीची नखी तुम्ही पाहिली असेल, ती तर्जनीत घालतात. ही तशीच, पण अंगठ्यात घालायची. एक पट्टी अंगठ्याला वेढा घालते आणि तिचं पातं आडवं बाहेर येतं. धरायची गरजच नाही, त्यामुळे पडायचाही प्रश्न नाही. बाकीची बोटं मोकळी राहतात. अंगठा खर्ज चालवतो, बोटं वर सुरावट आणि कॉर्ड वाजवतात. अमेरिकेत केंटकीचा मर्ल ट्रॅव्हिस आणि त्याच्यानंतर चेट ॲटकिन्स यांनी ही पद्धत गाजवली. ते लोक कंट्री संगीतातले. पण लेनी ब्रो नावाच्या वादकाने तीच नखी घालून उत्तम जॅझ वाजवलं. ऐकताना वाटतं, दोन माणसं वाजवताहेत.

आता निवड कशी करायची? नोटा मोजायला आम्ही रबरी टोपी घालायचो. ती सैल असेल तर फिरते आणि घट्ट असेल तर बोट बधिर होतं. इथेही तेच. नखीची पट्टी नखाच्या मुळाशी बसावी, सांध्यावर चढू नये. दुकानात पाच मिनिटं घालून उभं राहा. अंगठ्याचं टोक जांभळं पडलं तर मोठं माप मागा. तारेला मारताना वळली तर लहान. थोडाच फरक असेल तर प्लास्टिकची नखी चिमट्याने गरम पाण्यात धरावी, मऊ झाली की हवी तेवढी वाकवावी आणि लगेच गार पाण्यात टाकावी. गॅसवर मात्र धरू नका. काही नख्या सेल्युलॉइडच्या असतात, ते भडकन पेटतं. मग संस्थेला माझ्या जॅझपेक्षा अग्निशमन यंत्रणेवर व्याख्यान ठेवावं लागेल.

धातूच्या नख्याही मिळतात, पण त्यांचा आवाज खणखणीत, जॅझला नको तितका. जॅझमध्ये सूर गोल लागतो. पातंही बहुधा गरजेपेक्षा लांब असतं. ते तारेत रुतलं की अंगठा अडखळतो. मी कानशीने थोडं थोडं घासून ते आखूड केलं, कडा बारीक पॉलिश पेपरने गोल केल्या. एकदम घासू नये, कारण कापलेलं परत येत नाही. दोन नख्या घ्याव्यात, एक बिघडवायला. आणि मनगट असं ठेवावं की पातं तारेवर सपाट पडेल. तिरकं पडलं की खरखर येते.

हे सगळं जमलं आणि मी खूश होऊन रात्री साडेदहानंतर वाजवायला लागलो. तिथे घोळ झाला. बोटांच्या मांसल टोकांपुढे प्लास्टिकचा आवाज नेहमीच वरचढ असतो. त्यात ॲम्प्लिफायर जमिनीवर, म्हणजे खर्ज स्लॅबमधून थेट खाली. खालच्या घरात तेव्हा तान्हं बाळ होतं. एक दिवस कमिटीकडे माझ्याविरुद्ध लेखी तक्रार आली.

मंडळी, खरं सांगतो, मला ते लागलं. सात वर्षं मी या संस्थेचा खजिनदार होतो. दुसऱ्यांच्या टीव्हीबद्दलच्या, ड्रिलिंगबद्दलच्या तक्रारी मी स्वतः वाचून दाखवल्या होत्या. तरी माझ्यावर आली तेव्हा मी दोन महिने त्या कुटुंबाशी बोललो नाही. जिन्यात समोर आले की फोनमध्ये बघायचो.

त्याच दिवसांत वेस मॉन्टगोमेरीची हकीकत वाचनात आली. इंडियानापोलिसचा हा माणूस दिवसा कारखान्यात काम करायचा, रात्री गिटार घासायचा. घरात मुलंबाळं, शेजारी कुरकुरायला लागले, तेव्हा त्याने पिक बाजूला ठेवलं आणि नुसत्या अंगठ्याने हळू वाजवायला लागला, असं सांगतात. त्या अंगठ्यातून जो मऊ, भरदार सूर निघाला, तीच पुढे त्याची ओळख झाली. 1968 साली, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी तो गेला. पण आजही जगभरचे वादक तो सूर शोधतात. त्याने शेजाऱ्यांशी भांडण केलं असतं तर आपलं केवढं नुकसान झालं असतं!

मी वाचलं आणि शरमलो. दुसऱ्या दिवशी खाली जाऊन माफी मागितली. बाळाची झोपायची वेळ विचारून घेतली. ॲम्प्लिफायरखाली जुनी गादी घातली. तळहाताची कड तारांच्या टोकाशी, ब्रिजवर, हलकेच टेकवली की खर्ज दबतो, तेही शिकलो. आता नखी सकाळी अकरा ते एक. रात्री नखी डबीत आणि नुसता अंगठा. माझ्या अंगठ्यातून वेसचा सूर निघत नाही, हे ओघाने आलंच. पण संधिवातालाही तो मऊ फटका मानवतो.

परवा लिफ्टमध्ये खालचे गृहस्थ भेटले. म्हणाले, "काका, हल्ली रात्री वाजवणं सोडलंत का?"

मी म्हटलं, "नाही हो, रोज वाजवतो."

इतक्या वर्षांच्या रियाजात एवढं चांगलं सर्टिफिकेट मला कुणी दिलं नव्हतं. ज्यांना नखी घालून बघायची असेल त्यांनी जरूर घरी यावं. फक्त अकरा ते एक.