बटण दाबलं, पण कॉम्प्युटर सुरू होईना

बायांनो, कामं आवरली का? चुलीवर काही असेल तर असू द्या, कान तेवढा इकडे द्या. आज बोलायचंय ते बंद पडलेल्या कॉम्प्युटरबद्दल. बऱ्याच गटांकडे आता एखादा जुना कॉम्प्युटर आलाय. कुणाच्या मुलाचं शिक्षण संपल्यावर राहिलेला, कुणी सेकंडहँड घेतलेला. आमच्या गटाचाही तसाच. वसुली, कर्ज, व्याज, सगळं त्याच्यात.

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी तो सुरू होईना. कंपनीचं नाव यायचं आणि तिथंच थांबायचं. आम्ही दोघी एसटीत मांडीवर घेऊन तालुक्याला गेलो. संध्याकाळी दुकानातून परत मिळाला. "ताई, नवीन विंडोज टाकलंय, एकदम झकास!" घरी लावला तर खरंच झकास, पण कोरा करकरीत. दोन वर्षांचा हिशेब गेला. त्यांनी विचारलं नाही आणि आम्हाला सांगायचं सुचलं नाही.

मग अकरा जणींची पासबुकं गोळा करून पुन्हा लिहायला बसलो. एकीचं पासबुक पावसात भिजलेलं. तिचे दोन हप्ते भरलेत की नाही, यावरून बैठकीत असा वाद झाला की ती नंतर दोन महिने आलीच नाही. पुढे तिच्या पत्र्याच्या पेटीत बँकेची पावती सापडली. हप्ते भरलेले होते. मी सचिव, मी तिच्या दारात जाऊन माफी मागितली. ते अजून टोचतं मला.

म्हणून हे आधी सांगते. कॉम्प्युटर बंद पडणं वेगळं आणि हिशेब जाणं वेगळं. गिरणीची मोटर जळली म्हणून डब्यातलं पीठ जळत नाही. हिशेब असतो हार्ड डिस्कमध्ये, आत बसवलेल्या एका लहान डबीत. बाकी सगळं बिघडलं तरी ती डिस्क धड असेल तर काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडता येते आणि फायली उतरवून घेता येतात. दुकानात गेल्यावर पहिलं वाक्य हेच बोला: "आतल्या फायली आधी काढून द्या. मला विचारल्याशिवाय फॉरमॅट करायचं नाही." डेस्कटॉपवर ठेवलेल्या फायली बहुधा सी ड्राइव्हमध्ये असतात, आणि फॉरमॅटमध्ये पहिल्यांदा तोच पुसला जातो.

पण दुकानात जायच्या आधी घरी बघा.

बटण दाबून काहीच होत नाही? दिवा नाही, पंख्याचा आवाज नाही? मग त्याच बोर्डात मोबाइलचा चार्जर लावून बघा, वीज येते का. मागची जाड वायर काढून पुन्हा घट्ट खोचा. मागे एक बारीक खटका असतो, झाडताना तो कुणाच्या हातून बंद झालेला असतो. (जुन्या डब्यांना तिथंच लाल सरकता खटकाही असतो, त्यावर 230 दिसलं पाहिजे. लेकरांना त्याला हात लावू देऊ नका, तो 115 वर गेला तर आतला वीजपुरवठ्याचा डबा जळतो.) यूपीएस असेल तर तो बाजूला काढून थेट बोर्डाला लावून पाहा, त्याची बॅटरी म्हातारी झालेली असते. आणि शेतावरचे पंप चालू झाल्यावर बल्ब मिणमिणत असेल तर तासभर थांबा. दोष व्होल्टेजचा असेल.

दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळा? आधी पडद्याची वायर दोन्ही टोकांना दाबून बसवा.

तरी काळाच राहिला, किंवा टूँ टूँ आवाज येत राहिला, तर बहुतेक वेळा रॅम नावाची पट्टी सैल किंवा मळलेली असते. गेल्या आषाढात आमचं तेच झालं. दुसऱ्या दिवशी बँकेचे साहेब कर्जासाठी हिशेब बघायला येणार आणि पडदा काळा! माझी भाची पुण्याला शिकते, तिला फोन लावला. ती म्हणाली, "मावशी, खोडरबर आहे का घरात?" मला वाटलं चेष्टा करते.

तिनं सांगितलं तसं केलं. वायर भिंतीतून काढली आणि बटण थोडा वेळ दाबून धरलं, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. बाजूचा पत्रा उघडला. आत हाताच्या बोटाएवढा धुळीचा थर! तो मऊ ब्रशने झटकला. मग आतल्या उघड्या लोखंडाला हात लावला, कारण नायलॉनच्या साडीने अंगात जी वीज साठते ती पट्टीला मारक. पट्टीच्या दोन्ही टोकांच्या खिट्ट्या उघडल्या की ती वर येते. खालच्या कडेचे सोनेरी दात खोडरबरने हलकेच घासले, भुगा झटकला. पट्टीला एक खाच असते, ती जुळली तरच बसते, उलटी घुसवायची नाही. खिट्टी कट्‌ वाजेपर्यंत दाबली. वायर लावली, बटण दाबलं आणि पडद्यावर उजेड! जाऊबाई म्हणाल्या, "एवढ्यासाठी तालुक्याला निघाली होतीस?"

पडद्यावर इंग्रजी अक्षरं येऊन थांबत असेल तर आधी पेनड्राइव्ह लावलेला राहिलाय का ते बघा. कॉम्प्युटर त्याच्यातच विंडोज शोधत बसतो. तारीख भलतीच जुनी दिसत असेल तर आतला नाण्याएवढा सेल संपलाय. 3 व्होल्टचा, सीआर 2032, घड्याळाच्या दुकानात मिळतो.

एका गोष्टीला मात्र हात लावायचा नाही. वायर जिथं लागते तो पत्र्याचा चौकोनी डबा घरी उघडू नका. वायर काढल्यावरही त्यात झटका देण्याएवढी वीज राहते. जळका वास आला, धूर दिसला, तर बटण पुन्हा दाबून बघायचं नाही. सरळ माणूस बोलवा.

त्या रात्री कॉम्प्युटर सुरू झाल्या झाल्या मी आधी सगळा हिशेब पेनड्राइव्हवर उतरवला, मग जेवले. तो पेनड्राइव्ह आता तिच्या पत्र्याच्या पेटीत असतो, त्या पावतीशेजारी. दर महिन्याच्या बैठकीला ती तो पदराला बांधून आणते, आम्ही नवीन हिशेब त्यात भरतो आणि ती परत घेऊन जाते.