गंधकाची जोडी आणि विजेरी



केस जळताच जो उग्र दर्प नाकात शिरतो, त्यात गंधकाचा मोठा वाटा असतो; आणि केसाला बळकटी देणारी गंधकाच्या दोन अणूंची जी जोडी, तीच सेंद्रिय संयुगांच्या रूपाने लिथियम विजेरीच्या धनाग्रातही कामास येऊ शकते.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील बर्कली येथे स्टीव्हन विस्को व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा मार्ग दाखविला.

विजेरी वापरात असता ही जोडी तुटते.
प्रत्येक अणू एक इलेक्ट्रॉन व एक लिथियम आयन पदरात घेतो.
विजेरी चार्ज करताना तीच जोडी पुन्हा जुळते.

तुटणे आणि जुळणे, श्रोतेहो, सारा कारभार एवढाच!

कोबाल्टसारख्या महाग धातूची येथे जरुरी नाही, आणि गंधक तर खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून मुबलक निघतो.

मात्र तुटलेले रेणू विजेरीतील द्रवात विरघळतात, धनाग्र सोडून जातात, आणि विजेरीची क्षमता घटते.

१९९५ साली जपानच्या नोबोरू ओयामा यांनी असे संयुग पॉलिअॅनिलीन या वीजवाहक पदार्थात मिसळून जोडी तुटण्या-जुळण्याच्या मंद क्रियेला वेग दिला.

विरघळण्याची तक्रार तेवढ्याने निकालात निघाली नाही. तूर्त ही विजेरी दुकानात मागू नये, हे बरे.