दाण्यातील गर्भ आणि बियाण्याची पिशवी



मोंढ्यातल्या हमालांची संघटना बांधणाऱ्या माणसाने वनस्पतींच्या गर्भावर बोलावे, याचे काहींना नवल वाटले असेल. आम्ही कॉलेजचे तोंड पाहिलेले नाही. पण तीस वर्षे धान्याच्या पोत्यांच्या सहवासात काढली, आणि पोत्यात आहे तरी काय हे विचारण्याची खोड लागली.

लातूरची तूरडाळ आपण रोज खातो. ती डाळ म्हणजे तुरीच्या गर्भाची दोन दले. कोवळ्या रोपाची शिदोरीच आपण पळवतो म्हणा ना! ज्वारीचे तसे नाही. तिचे बहुतेक पीठ गर्भाबाहेरच्या साठ्याचे, म्हणजे भ्रूणपोषाचे. परागनलिकेतून दोन नरपेशी येतात; एकीचा अंडपेशीशी संयोग होऊन गर्भ होतो, दुसरीचा मध्यवर्ती पेशीशी होऊन हा साठा. नवाशिन या रशियन शास्त्रज्ञाने १८९८ साली हे दाखविले.

मग अंडपेशी संयोगाची वाट का पाहते? भातात याचे एक उत्तर सापडले आहे. बेबी बूम नावाचे एक जनुक आहे. अंडपेशीतली त्याची प्रत मुकी असते. बापाकडून आलेली प्रत आधी बोलू लागते, आणि गर्भाची वाढ सुरू होते. कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे वेंकटेशन सुंदरेशन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे जनुक अंडपेशीतच जागे केले. तो प्रयोग डिसेंबर २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. बापावाचून गर्भ धरला! गुणसूत्रे निम्मी होण्याची क्रियाही त्यांनी थांबविली, तेव्हा काही दाण्यांत आईची हुबेहूब प्रत उतरली. २०२२ साली दुसऱ्या एका प्रयोगात संकरित भाताचे ९५ टक्क्यांहून अधिक दाणे असे निघाले. भ्रूणपोषासाठी मात्र पराग लागलाच.

हे नांदेडात कशाला सांगायचे? येथल्याच कापूस संशोधन केंद्राने एनएचएच-४४ हा संकरित कापूस दिला. संकरिताचे बी घरी राखून पेरले तर पुढच्या पिढीत गुण फाटतात, म्हणून शेतकरी दर मृगाला दुकानाची पायरी चढतो. भाताचे हे कसब उद्या कापसात साधले, तर बी घरचे राहू शकेल. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, आणि छापाचे नाव न लावता विकण्याचाही हक्क दिला आहे. पण जनुक जागे करण्याची रीत ज्याच्या हाती, तो हा हक्क सुखाने नांदू देईल, असे मानण्याइतके आम्ही भोळे नाही.

दुसरी बाजूही आहे. कापसाचे संकरित बी हातांनी होते. संध्याकाळी कळीतले पुंकेसर काढायचे, सकाळी दुसऱ्या वाणाचा पराग लावायचा. एकेक फूल असे. हे काम बहुतेक बायका करतात. त्यांतल्या एका बाईंना आम्ही हे सारे मोठ्या उत्साहाने सांगितले. त्या म्हणाल्या, “दादा, बी आपोआप व्हायलं तर आमच्या रोजाचं काय?” शेतकऱ्याचा खर्च वाचेल, एवढेच उत्तर आमच्याजवळ होते. त्यांना शेत नव्हते.

या मांडवात शेतकरी आहेत, बियाण्याचे व्यापारीही दिसतात. आता त्यांनी बोलावे.