मेणाच्या नाकापासून संगणकावरील चेहऱ्यापर्यंत

लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात पुण्याजवळ झालेल्या एका शस्त्रक्रियेची हकीकत आहे. इंग्रजी फौजेतील कावसजी नावाचा बैलगाडीवान १७९२ च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक व एक हात छाटण्यात आला. वर्षभराहून अधिक काळ तो तसाच राहिला. पुढे वीटकाम करणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्यास नवे नाक बसविले. त्या पद्धतीत मेणाच्या पातळ पत्र्याचे नाक घडवून आधी चेहऱ्यावर लावून पाहत. मग ते सपाट करून कपाळावर ठेवीत आणि भोवती रेघ आखून तेवढीच कातडी सोडवीत.

सुरी लावण्यापूर्वीच परिणाम पाहून घेण्याची ही दृष्टी आहे. मेणाला कातडीचे माप घेता येई. परंतु आतील हाड हलविल्यास वरील मांस कसे बसेल, हे त्यातून कळणे शक्य नव्हते. जबड्याच्या शस्त्रक्रियेत नेमका हाच प्रश्न असतो. वाढ बिघडलेला जबडा कापून काही मिलिमीटर पुढे अथवा मागे नेतात. हाडाचे स्थान दातांच्या साच्यांवरून ठरविता येते. ओठ व गाल मात्र हाडाइतकेच सरकतात असे नाही. पूर्वी शल्यविशारद बाजूने घेतलेल्या क्ष-किरण चित्रावर रेखाटन करून सरासरी प्रमाणाने अंदाज बांधीत. रुग्णाचा चेहरा सरासरीचा नसतो, ही त्यातील अडचण.

१९७१ मध्ये लंडन येथे सीटी स्कॅन प्रथम रुग्णासाठी वापरण्यात आला आणि हाड व मांस यांची त्रिमितीय मांडणी हाती येऊ लागली. १९९६ मध्ये झुरिक येथील संशोधकांनी अशा चित्रांवरून चेहऱ्याचा पृष्ठभाग लहान लहान घटकांत विभागला व तो कवटीशी जणू स्प्रिंगांनी जोडला. विमानाच्या वा पुलाच्या मजबुतीचा हिशेब करण्याची अभियंत्यांची हीच रीत. संगणकावर हाड सरकविले की प्रत्येक घटकावरील ताण समीकरणांनी काढला जातो व नवा चेहरा पडद्यावर उमटतो. एकाच रुग्णासाठी दोन योजना ताडून पाहता येतात, हा याचा खरा लाभ.

तथापि ओठांचे भाकीत सर्वांत अवघड, आणि रुग्णाची नजर तर प्रथम तेथेच जाते! ओठ दातांवरून घसरतात. स्कॅन रुग्णास निजवून घेतात, तेव्हा गालही किंचित मागे झुकलेले असतात. पडद्यावरील चित्र पाहून रुग्ण संमती देतो. तो अंदाज आहे, वचन नव्हे, हे शल्यविशारदाने त्यास स्वतः सांगावयास हवे; यंत्र ते सांगत नाही. भाकिताची परीक्षाही लगेच होत नाही. सूज पूर्ण ओसरावी लागते. काही महिन्यांनी पुन्हा चित्र घेऊन, योजलेला व प्रत्यक्ष चेहरा एकमेकांवर ठेवून, दोहोंतील अंतर मिलिमीटरमध्ये मोजले जाते.