लघवीच्या बाटलीची कैफियत



तालुक्याच्या गावी लहानशी लॅबोरेटरी चालवून आयुष्य घालवलेल्या माणसाला आपण पॅथॉलॉजिस्ट व टेक्निशियनांच्या या परिषदेच्या अध्यक्षपदाचा मान दिलात, याबद्दल मी आपला ऋणी आहे. माझ्याहून अधिक अधिकारी व्यक्ती या सभागृहात पुष्कळ आहेत, असे अध्यक्षाने म्हणण्याचा शिरस्ता आहे. तो पाळला, आणि या वर्षी ते खरेही आहे. स्वागत समितीने केलेली व्यवस्था उत्तम आहे, विशेषतः सकाळची न्याहारी.

रक्त व लघवी यांतील विकृत प्रथिनांच्या तपासणीत झालेल्या प्रगतीचा आढावा मी घ्यावा, अशी चिटणिसांची आज्ञा आहे. टिसेलियसने १९३७ साली विद्युत्प्रवाहाच्या साहाय्याने सीरममधील प्रथिने पृथक् करून दाखवली आणि १९४८ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले; पुढे कागद आला, सेल्युलोज अ‍ॅसिटेट आले, अ‍ॅगरोज जेल आले, इम्युनोफिक्सेशन आले, २००१ साली सीरममधील मुक्त लाइट चेन मोजण्याची पद्धत प्रसिद्ध झाली, आणि आता केशनलिकांची यंत्रे व मास स्पेक्ट्रोमेट्री यांच्या गोष्टी चालल्या आहेत. आढावा येथे संपला. उरलेला उद्याच्या सत्रांतील तरुण वक्ते माझ्याहून नेटका घेतील. मला आज, पुष्कळ वर्षे मनात साठवलेली एक कैफियत आपल्यापुढे मांडायची आहे, आणि ती लघवीच्या बाटलीची आहे.

हा सारा विषय एका लघवीच्या नमुन्यापासून सुरू झाला, याचे आपल्याला विस्मरण झाले आहे. १८४५ साली लंडनमधील एक किराणा व्यापारी हाडांच्या दुःसह वेदनांनी अंथरुणाला खिळला होता. त्याची लघवी तापवली असता, नायट्रिक अ‍ॅसिड घातले असता आणि निवू दिली असता ती अल्ब्युमिनच्या रीतीने वागत नाही, हे मॅकिन्टायर नावाच्या डॉक्टराने स्वतःच्या हातांनी करून पाहिले, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला तिचा नमुना, हे आहे तरी काय अशा पृच्छेसह, हेन्री बेन्स जोन्स या एकतीस वर्षांच्या रसायनज्ञ वैद्याकडे पोचला. रोगी १८४६ च्या पहिल्या दिवशी वारला. नमुना पाहणारा मॅकिन्टायर मागे राहिला आणि प्रथिनाला नाव बेन्स जोन्सचे मिळाले. आपल्या व्यवसायातही असेच होते, पण ती कैफियत निराळी. अस्थिमार्दवाच्या तीव्र रुग्णांत हे द्रव्य पुन्हा शोधले पाहिजे, असे बेन्स जोन्सने लिहून ठेवले होते. आपण मात्र ते शोधण्याचे काम एका कागदी पट्टीवर सोपवून मोकळे झालो आहोत.

ती पट्टी काय करते? तिच्या पिवळ्या चौकोनात टेट्राब्रोमोफिनॉल ब्लू हे रंगद्रव्य असते. अल्ब्युमिन त्याला चिकटले की चौकोन हिरवा होतो. मधुमेहाच्या रोग्याचे मूत्रपिंड अल्ब्युमिन गळू देत असेल तर पट्टी ते इमानाने सांगते, याबद्दल तिला दोष नाही. परंतु बेन्स जोन्सचे ते प्रथिन म्हणजे मायलोमाच्या, अस्थिमज्जेच्या त्या कर्करोगाच्या, पेशी ओततात त्या मुक्त लाइट चेन, आणि त्यांच्याशी या रंगाचे फारसे सख्य नाही. वीस-पंचवीस हजार डाल्टनच्या त्या लहान साखळ्या मूत्रपिंडाच्या गाळणीतून सहज निसटतात, म्हणून सीरमच्या जेलवर पुष्कळदा त्यांचा पट्टाच उमटत नाही. आणि लघवीत त्या भरभरून असल्या तरी चौकोन पिवळाच राहतो. मग आपण ‘प्रथिने: नाहीत’ असा शेरा छापतो, खाली सही करतो, आणि त्याच वेळी त्या साखळ्या मूत्रनलिकांत घट्ट कांड्या होऊन बसत असतात.

माझ्याकडे एस. टी. चा एक कंडक्टर आला होता. पाठदुखी बसच्या धक्क्यांची म्हणून महिनोन्‌महिने मलम चोळून झाले होते. हिमोग्लोबिन उतरलेले, क्रिएटिनिन ४ च्या वर, आणि पिशवीत एका बड्या लॅबोरेटरीचा गुळगुळीत कागदावरचा रिपोर्ट, त्यात लघवी निर्दोष. माझ्याकडे तेव्हा जोशीकाका म्हणून एक वयस्क टेक्निशियन होते, ज्यांची पट्टीवर कधीच श्रद्धा बसली नाही. त्यांनी लघवी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली, वरचे स्वच्छ पाणी परीक्षानळीत घेतले, त्यात सल्फोसॅलिसिलिक अ‍ॅसिडचे तीन टक्क्यांचे द्रावण सोडले आणि काही न बोलता नळी माझ्या टेबलावर आणून ठेवली. नळीमागे धरलेल्या वर्तमानपत्राचा मथळासुद्धा वाचता येत नव्हता, इतकी ती पांढरी झाली होती. तीच पट्टी मी स्वतः बुडवून पाहिली: पिवळी. सीरमच्या जेलवर गॅमाचा प्रदेश ओसाड, पट्टा नाही. लघवीच्या जेलवर मात्र एक काळाभोर, अरुंद पट्टा. पुढे बोन मॅरोने निदानावर शिक्कामोर्तब केले. तो माणूस डायलिसिसवर दोन वर्षे जगला. अ‍ॅसिडच्या त्या थेंबांची किंमत हिशेबात धरण्याजोगीही नाही.

यावर आमचे काही विद्वान मित्र म्हणतात की लघवी पाहण्याचे दिवस सरले. आंतरराष्ट्रीय मायलोमा गटाने २००९ सालीच सांगितले आहे की चाळणीसाठी सीरम पुरेसे आहे. मित्रहो, अर्धे वाचून दाखला देऊ नये. सीरमचे इलेक्ट्रोफोरेसिस, इम्युनोफिक्सेशन आणि मुक्त लाइट चेन या तिन्ही तपासण्या एकत्र केल्या असतील तर, असे ते वचन आहे. आणि अमायलॉइडचा संशय असेल तेथे लघवीचे इम्युनोफिक्सेशन कराच, असेही त्यातच आहे. एका चर्चासत्रात असा दाखला देणाऱ्या तरुण मित्राला मी विचारले, तुमच्या गावी या तिन्ही तपासण्या किती रोग्यांना परवडतात? तो हसला, आणि चहाच्या वेळी माझ्याजवळ येऊन म्हणाला, सर, आमच्याकडे चिठ्ठीवर नुसते इलेक्ट्रोफोरेसिस लिहून येते, बाकी पट्टी. माझ्यापुरता तो वाद तेथे निकालात निघाला.

दुसरा वाद यंत्राचा. यंत्र आलेख काढते, पट्ट्याचे ग्रॅम सांगते, मग माणसाने पाहायचे काय, असा सवाल असतो. एका निवृत्त मुख्याध्यापकांना मोनोक्लोनल पट्टा असल्याचा यांत्रिक रिपोर्ट मिळाला आणि त्यांनी घरात मृत्युपत्राची भाषा सुरू केली. पट्टा बीटा व गॅमा यांच्या सीमेवर होता. ती मूळ नळी मी मागवून घेतली. तिचे बूच हिरवे, म्हणजे हेपॅरिनचे. फायब्रिनोजेन नेमके त्याच जागी उमटते, हे यंत्राला कोणी सांगावे? लाल बुचाच्या नळीत रक्त पुन्हा घेतले, पुरते गोठू दिले, आणि पट्टा नाहीसा झाला. गुरुजी नंतर मला भेटायला आले ते प्रकृतीसाठी नव्हे, माझ्या मराठी रिपोर्टातील ऱ्हस्वदीर्घ सुधारून देण्यासाठी.

यंत्राविषयी मला आकस नाही. कोणी पुन्हा स्पिरिटचा दिवा पेटवून साठ अंशांवर साका आणि उकळीला विद्राव अशी बेन्स जोन्सची उष्णतापरीक्षा करत बसावे, असेही माझे म्हणणे नाही. ती परीक्षा पुष्कळदा चुकत असे आणि तिची रजा वाजवीच होती. परंतु तिच्याबरोबर, प्रत्येक नमुना कोणीतरी उजेडात धरून पाहत असे, ती सवयही रजेवर गेली. हल्लीच्या लॅबोरेटऱ्यांत रक्ताची नळी एका शहरात जाते, लघवी दुसऱ्या टेबलावर राहते, रोग्याचे वय सोडून कोणतीच हकिकत चिठ्ठीवर नसते, आणि दोन्ही कागद ज्याच्या हातात एकत्र येतात तो बिचारा रोगी.

करण्यासारखे पुष्कळ आहे. तालुक्याच्या टेक्निशियनांसाठी मराठीत एक पुस्तिका निघाली पाहिजे. ती कोणी लिहावी हे कार्यकारी मंडळ ठरवील. लघवीच्या इलेक्ट्रोफोरेसिससाठी जिल्ह्यानिहाय एखादे सामायिक केंद्र असावे, याचा तपशील अर्थात पुढे पाहता येईल. एक गोष्ट मात्र पुढे ढकलण्याजोगी नाही. ज्या प्रौढ रोग्याला हाडदुखी, रक्तक्षय किंवा कारण न सापडलेला मूत्रपिंडाचा विकार आहे, त्याच्या लघवीत प्रथिने नसल्याचा शेरा केवळ पट्टीच्या आधारावर देऊ नये, सोबत अ‍ॅसिडची परीक्षा करावी, आणि ढवळ आला तर तसे फोनवरून डॉक्टरांना कळवावे, असा ठराव मी उद्याच्या खुल्या अधिवेशनात मांडणार आहे. त्याचा मसुदा दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे. अनुमोदकांच्या सह्या हव्या आहेत. जेवणाला जाण्यापूर्वी कराव्यात, ही विनंती.