औषध नव्हे, विष



आपल्या खेड्यापाड्यांत कीटकनाशकाला 'औषध' म्हणतात. कपाशीवर 'औषध मारलं' म्हणजे फवारणी केली. सुनेनं 'औषध घेतलं' म्हणजे जीव दिला. वर्तमानपत्रंही 'विषारी औषध प्राशन केले' असंच छापतात.

पिकाला वाचवतं म्हणून ते औषध, हे शेतकऱ्याच्या बाजूनं खरंच आहे. पण औषधाची भीती कुणाला वाटत नाही. म्हणून डबा घरात धान्याशेजारी राहतो. फवारणीचं पाणी बाई वाहते, फवारणीचे कपडे बाई उघड्या हातांनी धुते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. चर्चा फवारणाऱ्यांची झाली. त्यांचे कपडे धुणारीचं काय?

आणि सून गेली, की 'चुकून औषध पोटात गेलं' एवढ्या एका वाक्यावर प्रकरण मिटवायला बघतात. 'विष' म्हटलं असतं, तर कुणी दिलं, का घ्यावं लागलं, हे विचारावंच लागलं असतं.

डब्यावरचा त्रिकोण सगळ्याजणींनी ओळखायला शिकूया. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. पण हिरवाही विषाचाच. कुणाला बाधा झाली तर डबा सोबत घेऊनच दवाखाना गाठा. नाव कळलं तर डॉक्टरांना उपचार ठरवता येतात.

शब्द बदलल्यानं मरण थांबणार नाही. पण प्रश्न विचारायला तोंड फुटेल. आपल्या बैठकींत आजपासून 'विष'च म्हणूया.